श्वास आपला, ताण कोणाचा?

सिंगापूरमधल्या ऑफिसात 'माइंडफुलनेस'च्या तासाला कधी बसला असाल, तर चेड-मेंग टॅन यांचे 'सर्च इनसाइड युवरसेल्फ' (2012) हे पुस्तक जरूर वाचा. टॅन मूळचे सिंगापूरचे. गूगलच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी ते एक. तिथल्या सहकाऱ्यांसाठी 2007 साली सुरू झालेल्या अभ्यासक्रमातून हे पुस्तक आले.

पुस्तकाचे बळ त्याच्या साधेपणात आहे. टॅन तुम्हाला डोंगरावर पाठवत नाहीत, एका श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. राग आला की थांबा, श्वास घ्या, आत काय चालले आहे ते पाहा, विचार करा आणि मग उत्तर द्या. ईमेल पाठवण्यापूर्वी पलीकडे एक माणूस आहे, हे आठवा.

सर्वात पटणारा भाग शरीराबद्दलचा आहे. भावना शरीरात जाणवते, म्हणून तिथेच ती लवकर ओळखा, असे ते सांगतात. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो, रागाने अंगाचा तिळपापड होतो. रामदासांनी तर मनाला समजावायला 205 श्लोक लिहिले. फरक इतकाच, की रामदास मनाला उपदेश करतात आणि टॅन त्याच्याकडे नुसते पाहायला सांगतात.

मात्र पुस्तकाचे उपशीर्षक यश, आनंद आणि जागतिक शांती अशी तिन्ही आश्वासने एकदम देते. इथे वाचकाने सावध व्हावे. 2014 साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये 47 चाचण्यांचा, सुमारे 3500 लोकांचा आढावा छापून आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम प्रतीचा फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधांसारख्या इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ध्यान उपयोगी आहे, जादू नव्हे. चालू असलेले औषध त्याच्या भरवशावर बंद करू नका.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. या पुस्तकात ताण बहुतेक वेळा तुमच्या आत असतो. रात्री अकराला अमेरिकेशी चालणारी मीटिंग आणि सकाळी नऊला पुन्हा हजेरी, हे गृहीतच धरलेले. रोनाल्ड पर्सर यांनी 'मॅकमाइंडफुलनेस' (2019) मध्ये हेच दाखवले: व्यवस्थेने निर्माण केलेला ताण सोसण्याची जबाबदारी एकट्या माणसावर येते. सिंगापूरच्या रोजगार कायद्यातली कामाच्या तासांची मर्यादा मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह यांना लागू नाही, आणि आपल्यातले बरेच जण त्याच पदांवर आहेत. त्यात वर्क पास नोकरीशी बांधलेला. अशा माणसाला फक्त 'श्वासाकडे पाहा' म्हणणे अपुरे आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीशी तुलना करून पाहा. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतले तिथले विपश्यना शिबिर दहा दिवसांचे असते. मौन पाळायचे, फोन जमा करायचा. फी नाही, केंद्र दानावर चालते. ते कठीण आहे, सगळ्यांना झेपेलच असे नाही. पण तिथे तुमच्या शांतीचा हिशेब कोणी तिमाही नफ्याशी जोडत नाही. टॅन मात्र ध्यान आणि करिअर एकाच माळेत ओवतात. ज्यांनी एरवी ध्यानाकडे ढुंकूनही पाहिले नसते, असे वाचक त्यांना त्यामुळेच मिळाले असणार, हेही मान्य करायला हवे.

मग हे पुस्तक घ्यावे का? घ्या. त्यातले सराव करा, आश्वासने बाजूला ठेवा. आणि ऑफिसातला तास संपला की एक प्रश्न जरूर विचारा: रात्री दहानंतरच्या मेसेजना उत्तर न दिले तर चालेल का? 2020 साली इथल्या सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून काढलेल्या मानसिक स्वास्थ्याच्या सल्लापत्रकात कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत स्पष्ट धोरण ठेवावे असे सुचवले आहे, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. स्वस्थ बसून स्वतःकडे पाहणाऱ्या माणसाला आपल्याला नेमका कशाचा त्रास होतो आहे हे दिसू लागते. ते दिसल्यावर बोलायचे धैर्य आले, तर तोच ध्यानाचा मोठा लाभ समजावा.