एडीची बॅग

गोल्फविषयी मराठीत लिहायचे म्हणजे आधी वाचकांची थोडी समजूत घालावी लागते. क्रिकेटही साहेबाचेच, पण ते आपण गल्लीत ओढून आणले. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने ते माजघरापर्यंत पोचवले, आणि आजीलाही 'फॉलोऑन' कळू लागला. गोल्फ मात्र कुंपणाच्या आतच राहिला. बेळगावच्या कॅम्पाकडे वाढलेल्या माझ्या पिढीला तो दिसला तो तारेपलीकडून. साहेब पुढे, आणि मागे खांद्याला बॅग अडकवलेला आपल्यातलाच एखादा पोरगा. घरी मराठी, बाजारात कानडी आणि मैदानावर मोडकी हिंदी बोलणारा. साहेबाचे नाव कोणी विचारीत नसे, कारण तो साहेब होता. पोराचेही कोणी विचारीत नसे, कारण तो पोरगा होता.

मार्क फ्रॉस्ट याचे 'द ग्रेटेस्ट गेम एव्हर प्लेड' (२००२) हे जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वाचायला घेतले ते या पोराच्या शोधात नव्हे. क्रीडाविषयक लेखन आकड्यांपलीकडे कसे जाते, किंवा का जात नाही, हा माझा जुना विषय. आपल्याकडची बहुतेक खेळाची पुस्तके धावफलकाला थोडी झालर लावून छापलेली असतात. फ्रॉस्ट हा मुळात पटकथालेखक, डेव्हिड लिंचबरोबर 'ट्विन पीक्स' ही दूरदर्शन मालिका निर्माण करणारा. तेव्हा त्याच्याकडून गोष्ट मिळेल एवढी अपेक्षा होती. गोष्ट मिळाली, पण तो सांगत होता त्यापेक्षा मला दुसरीच जास्त ऐकू आली.

आधी त्याची गोष्ट. सप्टेंबर १९१३. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी 'द कंट्री क्लब'च्या मैदानावर अमेरिकेची खुली स्पर्धा भरलेली. इंग्लंडहून हॅरी व्हार्डन आणि टेड रे आलेले. व्हार्डनच्या नावावर तेव्हा ब्रिटिश ओपनची पाच विजेतेपदे होती, सहावे त्याने पुढल्या वर्षी मिळवले. समोर फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा स्थानिक पोरगा. याचे घर मैदानाच्या सतराव्या होलसमोर, रस्त्यापलीकडे. बाप फ्रेंच-कॅनेडियन, धंद्याने माळी. आई आयरिश. हा स्वतः लहानपणी याच क्लबात बॅगा वाहणारा, आणि त्या वेळी खेळाचे सामान विकणाऱ्या दुकानात नोकरीला. चार फेऱ्यांअखेर तिघांचेही फटके ३०४. दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, पावसात निर्णायक फेरी झाली. निम्म्या वाटेवर तिघेही ३८ वर बरोबरीत. शेवटी विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८.

हे आकडे मी मुद्दाम एका परिच्छेदात संपवले. फ्रॉस्ट त्यांना फार मोठी जागा देतो, आणि तिथेच पुस्तक माझ्यासारख्याला जड जाते. प्रत्येक फटका, प्रत्येक काठी, वारा कुठून, चेंडू चिखलात किती रुतला. जाणकाराला ती मेजवानी असेल. मला मात्र लग्नाच्या जेवणावळीत चौथ्यांदा वाढायला येणारा यजमान आठवला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. फ्रॉस्ट माणसांना कादंबरीतल्यासारखे बोलायला लावतो. नव्वद वर्षांपूर्वी पावसात चालताना कोण कोणाला काय म्हणाले, हे एवढ्या खात्रीने लिहिलेले वाचताना मी पुनःपुन्हा थबकलो. इतिहास आणि पटकथा यांच्यामधले कुंपण ठेवायला हवे होते. सगळीच कुंपणे वाईट नसतात.

पण त्याच्या पदरात एक मोठे पुण्य टाकावेच लागेल. त्याने व्हार्डनला खलनायक केले नाही. जर्सी बेटावरच्या या माणसाचा बापही माळीच होता. क्षयाने तो पार खचून गेला, तरी परतून जिंकला. एवढे मोठे नाव होऊनही इंग्लंडच्या क्लबांत व्यावसायिक खेळाडू हा चाकरांच्याच पंक्तीला बसायचा. म्हणजे ब्रुकलाइनला जी लढत झाली ती इंग्लंड विरुद्ध अमेरिका अशी वर्तमानपत्रांनी रंगवली, पण खरे पाहता दोन माळ्यांची पोरे श्रीमंतांच्या हिरवळीवर समोरासमोर उभी होती. फ्रॉस्ट या दोघांची आयुष्ये आलटून पालटून सांगत ती हळूहळू जवळ आणतो. पुस्तकाची ही रचना मला फार आवडली. प्रतिस्पर्धी हेही एक नाते असते, आणि त्याला आपल्याकडे नीट नावच नाही, हे ती पाने वाचताना जाणवले.

आता मला ऐकू आलेली गोष्ट.

विमेटची बॅग उचलणारा एडी लॉवरी दहा वर्षांचा होता. खरे म्हणजे ती त्याच्या थोरल्या भावाची पाळी. तो शाळा बुडवताना पकडला गेला, म्हणून मग धाकट्याने शाळा बुडवली. बॅग जवळजवळ त्याच्याएवढी. त्या दिवसांतले एक छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले जाते. उंच सडपातळ विमेट लांब पावले टाकतो आहे, आणि शेजारी टोपी घातलेला, गळ्यात टॉवेल टाकलेला हा चिमुरडा तितक्याच ऐटीत चालतो आहे. दोघांपैकी कोण कोणाला घेऊन चालला आहे, ते कळत नाही.

निर्णायक फेरीच्या सकाळी विमेटच्या ओळखीचा एक सभासद पुढे आला. एवढा मोठा सामना, बॅग मी घेतो, म्हणाला. एडीला पैसे देऊ केले, एडी हलेना. मग त्याने विमेटलाच गळ घातली. विमेटने पोराकडे पाहिले, त्याचे डोळे भरून आले होते, आणि नकार दिला. ही हकिगत विमेटने स्वतः १९३२ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. मला ती निर्णायक फेरीपेक्षाही निर्णायक वाटते. मैदानावर एडीने दिलेला सल्ला तो केवढा, तर चेंडूवर नजर ठेव. पण जाणता सभासद वाऱ्याचा हिशेब सांगू शकला असता, तिथे विमेटला हवे होते कोणीतरी आपले. पाच फटक्यांच्या विजयात या नकाराचा वाटा किती, हे कुठल्याही फलकावर मांडता येणार नाही.

जिंकल्यावर लोकांनी विमेटला खांद्यावर घेतले. तो हौशी खेळाडू, त्याला रोख बक्षीस घेता येत नव्हते. एडीसाठी मात्र गर्दीत टोपी फिरली आणि पैसे जमले. त्या दिवशी त्या जोडीपैकी रोकड मिळाली ती दहा वर्षांच्या पोराला, हा तपशील मला विलक्षण गोड वाटतो.

पण याच्या मागेच गोल्फचे कडू पान आहे, आणि फ्रॉस्टने त्यावर जास्त रेंगाळायला हवे होते. 'हौशी' हा शब्द मराठीत केवढा निरागस. हौशी नाटक मंडळ, हौशी गायक. गोल्फमध्ये तो शब्द दरवाजा होता. सोळा वर्षांनंतर पैसे घेऊन बॅग उचलली तर हौशी म्हणून खेळता येत नसे, म्हणून विमेटने त्या वयात ते काम सोडले. पुढे १९१६ साली, त्याने खेळाच्या सामानाचे दुकान काढले म्हणून, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जाच काढून घेतला. तो सैन्यात गेल्यावर १९१८ साली परत दिला. ज्याला बापाची इस्टेट आहे त्याने हौस करावी, ज्याला दुकान चालवून पोट भरायचे आहे त्याने बाहेर थांबावे, असा हा नियम. गोल्फ माणसे जोडतो हे खरेच. पण कोणती माणसे कोणत्या दाराने, हे विचारल्याशिवाय ते वाक्य लिहू नये.

एडी लॉवरी पुढे सॅन फ्रान्सिस्कोला मोटारींचा मोठा व्यापारी झाला आणि त्याने तरुण हौशी गोल्फपटूंना नोकऱ्या दिल्या. केन व्हेंचुरी आणि हार्वी वॉर्ड हे त्यांतले दोघे. १९५६ साली त्याने पैज लावून या दोघांना बेन होगन आणि बायरन नेल्सन या दिग्गजांसमोर उभे केले. फ्रॉस्टने त्यावरही पुढे, २००७ साली, 'द मॅच' नावाचे पुस्तक लिहिले. वॉर्ड अमेरिकेचा हौशी विजेता होता, १९५५ आणि १९५६ असा दोनदा. १९५७ साली उघड झाले की त्याचा स्पर्धांचा खर्च लॉवरीने केला होता, आणि वॉर्डचा हौशी दर्जा गेला. म्हणजे ज्या नियमाने एडीच्या विमेटला बाहेर ठेवले, त्याच नियमाच्या तावडीत एडीने प्रेमाने (आणि थोड्या मिजाशीनेही) पुढे केलेला मुलगा सापडला. दोन पुस्तकांत विखुरलेली ही एकच कहाणी आहे. ती एकत्र सांगायची बुद्धी फ्रॉस्टला झाली नाही, याची मला हळहळ वाटते.

विमेट आणि लॉवरी आयुष्यभर मित्र राहिले. विमेट बोस्टनकडे, लॉवरी देशाच्या दुसऱ्या टोकाला. १९४९ साली विमेटच्या नावे बॅगा वाहणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी सुरू झाला. १९५१ साली तो सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचा कॅप्टन झाला, त्या मानाचा पहिला अमेरिकन. १९६७ साली तो वारला तेव्हा शवपेटी उचलणाऱ्यांत एडी होता. चौसष्ट वर्षांचा एडी. मृत्यूच्या प्रसंगी मराठी लेखक जेवढा हुंदका देतात त्याच्या निम्माही इथे दिलेला नाही. ते बरे झाले.

या पुस्तकावर २००५ साली बिल पॅक्स्टनने चित्रपट काढला. पटकथा फ्रॉस्टचीच. त्यात नायकाला एक श्रीमंत घरची मुलगी चिकटवली आहे. ती नसती तर काही बिघडत नव्हते. पण एडीचे काम करणारा जॉश फ्लिटर हा गुबगुबीत मुलगा असा काही बोलतो-वावरतो, की पुस्तकातल्या दहा पानांचे काम तो मान वेळावून करतो. मुलांना घेऊन जरूर पाहावा.

आपल्या देशात असे काही घडलेच नाही असे नाही. इंडियन ओपन १९६५ साली प्रथम जिंकणारा भारतीय, पी. जी. सेठी, हौशी खेळाडू होता. त्यानंतर भारतीय विजेता व्हायला १९९१ साल उजाडले. तो अली शेर, दिल्लीच्या मैदानावर बॅगा वाहून वर आलेला. कोलकात्याचा चौरसिया तर रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा, पुन्हा एक माळ्याचाच पोरगा म्हणा. त्याने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली. यांच्या बॅगा कोणी उचलल्या, त्यांच्यात काय बोलणे झाले, हे कोणीतरी आपल्या भाषांत लिहायला हवे.

फ्रॉस्टच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करावा का, असे एका मित्राने विचारले. करावा, पण निम्मे फटके गाळून. खरी अडचण वेगळीच आहे. 'कॅडी'ला शब्द नाही, तो तसाच राहू द्यावा. पण एडी विमेटला हाक काय मारणार? इंग्रजीत 'यू' म्हटले की काम भागते. मराठीत दहा वर्षांच्या पोराने वीस वर्षांच्याला 'फ्रान्सिस' म्हणणे उद्धट, 'साहेब' म्हटले तर सगळी गोष्टच मेली, आणि 'दादा' जरा पुणेरी. आमच्या सीमेवर दोन्ही भाषांत चालणारा शब्द आहे, 'अण्णा'. त्याच्या मागे 'तुम्ही' नको. 'अण्णा, तू चेंडूकडे बघ.'