छर्र्याचा नंबर

रशियन वाङ्मयाच्या इतिहासात १८५२ हे साल मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी गोगोल वारला. त्याच्यावर मृत्युलेख लिहिल्याबद्दल तुर्गेनेवला अटक झाली आणि पुढे त्याच्याच गावी त्याला स्थानबद्ध करण्यात आले. त्याच वर्षी तुर्गेनेवचे ‘शिकाऱ्याच्या नोंदी’ ग्रंथरूपाने निघाले, आणि त्याच वर्षी सर्गेई अक्साकोव या साठी गाठलेल्या जमीनदाराचे ‘ओरेनबुर्ग प्रांतातील बंदूकधारी शिकाऱ्याच्या नोंदी’ हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. नावे जवळजवळ सारखी, पण नशिबे वेगळी. पहिले जगभर वाचले गेले. दुसरे रशियाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. केव्हिन विंडल यांचा इंग्रजी अनुवाद १९९८ साली निघाला. मी वाचला तो तोच.

अक्साकोवच्या पुस्तकाचा आरंभ पक्ष्यांपासून होत नाही. तो बंदुकीपासून होतो. मग दारू, छर्रे, बोळे आणि टोप्या असा एकेक विषय घेत हा गृहस्थ सावकाश पुढे सरकतो. पाणथळीतले, पाण्यातले, माळावरचे आणि रानातले असे पक्ष्यांचे वर्ग येतात ते त्यानंतर. हा पहिला भाग म्हणजे दुकानदाराची यादी, रसिकाने तो ओलांडून पुढे जावे, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या वाचनात मीही तेच केले. आज मात्र मला असे वाटू लागले आहे, की या पुस्तकाची नैतिक आणि वाङ्मयीन अशी दोन्ही मुळे त्या रुक्ष पानांतच आहेत.

याचे कारण समजण्यासाठी छर्र्याविषयी थोडे बोलणे भाग आहे. आपल्या कित्येक शिकारकथांत ‘गोळी सुटली आणि तितर कोसळला’ असे वाक्य असते. उडत्या तितरावर कोणी गोळी झाडत नाही. त्यासाठी छर्रे असतात, आणि छर्र्यांना नंबर असतात. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. इंग्रजी मापाने एका औंसात चार नंबरचे सुमारे १७०, सहा नंबरचे २७० आणि आठ नंबरचे ४५० दाणे बसतात. भरड छर्रा वेग टिकवून धरतो व खोल जातो. पण दाणे थोडे असल्यामुळे त्यांच्या जाळ्याला भोके पडतात आणि लहान पक्षी त्यातून सुखरूप निघून जातो. बारीक छर्र्याचे जाळे दाट असते, पण त्यात जोर कमी. म्हणून लाव्याला किंवा पाणलाव्याला आठ नंबर, तितराला सहा, बदकाला आणि सशाला चार किंवा पाच, असा साधारण रिवाज. चुकीचा छर्रा दोन तऱ्हेने चुकतो. फार भरड असला आणि जवळून लागला तर हाती मांसाचा चोथा येतो. फार बारीक असला तर पक्षी मरत नाही. अंगात शिसे घेऊन उडून जातो आणि कुठेतरी झुडपात दोन दिवसांनी मरतो.

हे दुसरे मी पाहिले आहे. लहानपणी मामांच्या मागे मी गावच्या तळ्यावर जात असे. त्यांची ठासणीची बंदूक होती. दारू, काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, मग गज, असे सारे क्रमाने चालायचे. एके दिवशी छर्र्यांची पिशवी द्यायचे काम माझ्याकडे होते, आणि मी लाव्यांसाठी आणलेली बारीक छर्र्यांची पिशवी पुढे केली. समोर बदके होती. बार निघाला, एक बदक पाण्यावर लवंडले, सावरले आणि एक पाय लोंबकळत ठेवून लव्हाळ्यात शिरले. अंधार पडेपर्यंत आम्ही ते शोधले. मामा मला रागावले नाहीत. घरी परतताना एवढेच म्हणाले, “पिशवी बघून द्यायची रे.” ते वाक्य मला आजवर पुरले आहे.

अक्साकोव वाचताना ते पुन्हा ऐकू आले. कित्येक पक्ष्यांविषयी लिहिताना तो पक्षी बंदुकीला चिवट आहे की नाजूक, हे तो आवर्जून सांगतो. वरवर पाहता ही शिकाऱ्याची सोय आहे. पण विचार केला म्हणजे लक्षात येते, की कोणता छर्रा घालावा हे ठरवायला त्या पक्ष्याची पिसे किती दाट, हाडे किती कठीण, तो उठतो कसा, कितीशा अंतरावर उठतो, सरळ जातो की वळणे घेतो, हे सगळे आधी माहीत असावे लागते. पाणलावा उठताक्षणी नागमोडी उडतो हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला त्याच्यासाठी छर्रा निवडता येत नाही. म्हणजे छर्र्याचा नंबर हा त्या पक्ष्याविषयीच्या ज्ञानाचा एका आकड्यात सांगितलेला सारांश असतो. अक्साकोवची पक्षिवर्णने इतकी जिवंत का, याचे उत्तर मला इथे सापडते. तो पक्ष्याकडे सौंदर्याचा विषय म्हणून पाहायला गेलाच नव्हता. त्याला त्याची गरज होती, आणि गरजेने त्याला बारकाईने पाहायला लावले. तुर्गेनेवने या पुस्तकावर मोठ्या आदराने परीक्षण लिहिले ते उगाच नव्हे.

स्वतः तुर्गेनेवच्या पुस्तकात मात्र छर्र्याला जवळजवळ स्थान नाही. बंदूक आहे, पण ती माणसाची ओळख करून देण्यापुरती. येर्मोलायची जुनी एकनळी इतका धक्का देते, की त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा कायमचा सुजलेला. हा तपशील अप्रतिम आहे, पण तो येर्मोलायविषयी आहे, पाखराविषयी नाही. तुर्गेनेवला शिकार हवी होती ती कुळांच्या झोपड्यांपर्यंत पोचण्याची वाट म्हणून. म्हणूनच अक्साकोवला न सुचलेला प्रश्न त्याच्या पुस्तकात कास्यान विचारू शकतो. निवेदकाने गवतातला एक पक्षी मारलेला असतो. हा बुटका, विक्षिप्त खेडूत त्याला विचारतो, की याला कशासाठी मारलेस? खाण्यासाठी, असे उत्तर मिळते. कास्यान ते मानत नाही. तू करमणुकीसाठी मारलेस, असे तो शांतपणे सुनावतो.

या प्रश्नापुढे छर्र्याचा कोणताही नंबर टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. योग्य छर्रा घालून मारलेला पक्षीही मेलेलाच असतो. मग अक्साकोवची काळजी ही केवळ कसबी माणसाची टापटीप ठरते काय? बरीच वर्षे मला तसे वाटत होते. आता वाटत नाही. कास्यान ‘मारू नको’ म्हणतो. त्याचे म्हणणे मोठे आहे, पण ते एकदाच म्हणता येते. ज्यांनी मारायचे ठरवलेच आहे त्यांच्याशी अक्साकोव बोलतो, आणि त्यांना प्रत्येक वेळी, बार भरण्यापूर्वी, समोरच्या जिवाचा विचार करायला लावतो. जगात कास्यान थोडे आणि बंदुका पुष्कळ असल्यामुळे या दुसऱ्या शिकवणीचे मोल मला कमी वाटत नाही.

अक्साकोवच्या ज्ञानालाही मर्यादा होती. तो शिकारीला जाई त्या काळी वितळलेले शिसे उंच मनोऱ्यावरून चाळणीतून पाण्यात सोडून गोल छर्रे पाडीत. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते. लागलेल्या छर्र्यांचा हिशेब अक्साकोवला होता. न लागलेल्यांचा नव्हता. ते तळ्याच्या तळाशी साचतात. बदके खाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांबरोबर छर्रेही गिळतात, आणि शिसे भिनून मरतात. म्हणून डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरती ती १९९१ पासून देशभर आली. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी ते वर्ज्य केले. त्यांच्या जागी पोलादी छर्रे आले. पोलाद हलके असल्याने नेहमीपेक्षा दोन नंबर भरड छर्रा घ्यावा लागतो. म्हणजे अक्साकोवचे प्रकरण पुन्हा नव्याने लिहावे लागले. चुकलेला बारही कोणाला तरी लागतो, ही त्यात पडलेली भर.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचेही दार बंद केले. ते बरेच झाले. मामांची बंदूक त्याआधीच सरकारजमा झाली होती. आज मराठी वाचकाला छर्र्याच्या नंबराचा काहीएक उपयोग नाही. तरीही त्याने अक्साकोवची ती रुक्ष पाने ओलांडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पाणलावा अजूनही हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या ओढ्यांच्या काठी येतो. त्याच्यावर लिहिणारे आता पुष्कळ आहेत. तो उठतो कसा, हे पाहून लिहिणारे किती आहेत, हे वाचताना मी शोधत असतो.