लोक, सिद्धी आणि अधिकार : कल्पनाप्रधान भूमिका-खेळांतील मनःशक्तीची चिकित्सा

प्रस्तावना

कल्पनाप्रधान भूमिका-खेळ या प्रकाराची मराठी समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. या खेळात चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होऊन कथाविश्व मांडतो, इतर जण एकेका पात्राच्या वतीने बोलतात व निर्णय घेतात आणि कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकाराचा आद्य खेळ मानला जातो. त्याच्या नियमपुस्तकांत अनेक लोकांची मिळून एक विश्वरचना आहे. एका लोकात मिळालेली मनःशक्ती दुसऱ्या लोकात चालते काय, हा त्या रचनेतील कळीचा प्रश्न होय. या प्रश्नाचे नियमपुस्तकांनी दिलेले उत्तर मराठी वाचकाला परिचित असलेल्या सिद्धिविचाराशी ताडून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमपुस्तकांतील व्यवस्था

या खेळात मनःशक्ती प्रथम १९७६ मध्ये ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीद्वारे आली. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ती कोणाला लाभावी हे फाशांवर सोपवले होते, बुद्धी, विवेक वा प्रभाव यांपैकी एक गुण उच्च असलेल्या पात्रालाही तिची मूळ शक्यता शंभरात एक एवढीच होती. पुढे १९९१ च्या पुस्तकात मनःशक्ती अभ्यासाने साध्य होणारी स्वतंत्र विद्या ठरली. २००४ च्या सुधारित पुस्तकात तिचे मोजमाप गुणांकांत होते. शक्ती वापरली की गुणांक खर्ची पडतात आणि आठ तासांच्या विश्रांतीनंतर ते पुन्हा मिळतात.

लोकांविषयीचे नियमही असेच काटेकोर आहेत. २००१ च्या ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’नुसार काही लोकांत मंत्रविद्या प्रबळ होते, काहींत कुंठित होते, तर काहींत ती मुळीच चालत नाही. मंत्रविद्या व मनःशक्ती यांना परस्परांवर परिणाम करणाऱ्या समान शक्ती मानावे, असा या आवृत्तीचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे जेथे मंत्र निष्फळ होतो, तेथे मनही निष्फळ ठरते. या संदर्भात ‘ॲस्ट्रल’ लोक लक्षणीय आहे. तेथे गती देहबळावर अवलंबून नसून बुद्धीवर अवलंबून असते. सूक्ष्म रूपाने तेथे गेलेला प्रवासी एका रुपेरी दोरीने आपल्या मूळ देहाशी जोडलेला असतो आणि ती दोरी तुटली की तो मरण पावतो.

संकल्पनांचा प्रवास

ही परिभाषा वाटते तितकी परकी नाही. पाश्चात्त्य गूढवादात ‘ॲस्ट्रल’ हा शब्द जुना आहे. तथापि, एकावर एक रचलेल्या अस्तित्वपातळ्या आणि त्यांत संचार करणारा सूक्ष्मदेह हे चित्र सर्वत्र रूढ करण्यात थिऑसॉफीचा वाटा मोठा होता. न्यूयॉर्क येथे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक तेथून निघू लागले. मुंबईतील तुकाराम तात्या यांनी पातंजल योगसूत्रांची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध केली. योग व वेदान्त यांतील संज्ञा या मार्गाने पश्चिमेकडील गूढ वाङ्मयात आणि तेथून लोकप्रिय कल्पनाकथांत उतरल्या. खेळातील लोकरचनेमागे ही परंपरा उभी आहे.

अधिकाराचा प्रश्न

संज्ञा गेल्या, परंतु त्यांच्यासोबतची अट मागे राहिली. योगसूत्रांच्या विभूतिपादात सूर्यावर संयम केल्याने भुवनांचे ज्ञान होते, असे म्हटले आहे. व्यासभाष्य त्या ठिकाणी सात लोकांचे सविस्तर वर्णन करते. परंतु त्याच पादात सिद्धी या समाधीच्या मार्गातील विघ्ने ठरतात. उच्च लोकांतील अधिष्ठाते आमंत्रण देऊ लागले, तर साधकाने आसक्ती धरू नये आणि गर्वही वाहू नये, असा इशाराही तेथे आहे. लोकांतर शक्य आहे काय, हा सूत्रकाराचा मुख्य प्रश्न नाही. जाणाऱ्याचे काय होते, हा आहे.

मराठी परंपरेत हाच विचार आख्यायिकेच्या रूपाने आला. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांनी भिंत चालवली, ही कथा सर्वज्ञात आहे. पुण्याजवळील आळंदीत ती भिंत आजही दाखवली जाते. पण कथेचा शेवट अधिक मोठ्या सिद्धीच्या विजयात होत नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या जातात आणि दीर्घायुषी योगी मुक्ताबाईंचा शिष्य होतो. शक्तीची तुलना तेथे संपते व ज्ञानाची सुरू होते.

आधुनिक काळात पुण्याचे कथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हा धागा भयकथेत आणला. त्यांच्या समर्थकथांतील अनिष्ट शक्ती अनेकदा आपल्या मितीपलीकडून येते आणि मानवी लोभ वा कुतूहल तिला वाट करून देते. समर्थांचे सामर्थ्य हे चारित्र्याशी निगडित आहे. केवळ विधी जाणणाऱ्याला ते लाभत नाही. पाश्चात्त्य भयकथेचे संस्कार उघड असूनही धारपांच्या कथेत अधिकाराची ही अट टिकून राहिली.

आक्षेप आणि निष्कर्ष

खेळाकडून वैराग्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. सर्व खेळाडूंना समान संधी हवी, तर शक्तीचे मोजमाप अपरिहार्य ठरते. तथापि, हा खेळ कथाही सांगू पाहतो. आणि जिची किंमत एका रात्रीच्या झोपेने फिटते, अशी शक्ती कथेला पेच पुरवत नाही. उलट रुपेरी दोरीच्या नियमात पात्राचे प्राण पणाला लागतात आणि तेथे हिशेबाची जागा नाट्य घेते. एका लोकातील शक्ती दुसऱ्यात चालते काय, याचे उत्तर नियमपुस्तकांनी चोख दिले आहे. ती चालवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र त्यांनी आरंभी फाशांवर आणि नंतर गुणांकांवर सोपवला. मराठीत असा खेळ रचला गेल्यास त्याच्या कर्त्यांना चांगदेवाच्या कथेतून नेमका हाच नियम घेता येईल.