अलीकडची मराठी कादंबरी : पात्रांचे काम आणि लेखकाची माहिती

२०१० साली भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या दीड दशकात मराठी कादंबरीची चर्चा बहुतांशी विषयवार होत राहिली आहे. शेतीच्या दुरवस्थेची, विस्थापनाची, जातवास्तवाची, महानगराची असे कप्पे करायचे आणि प्रत्येक नव्या पुस्तकाला त्यांपैकी एकात बसवायचे, हा शिरस्ताच पडून गेला आहे. या वर्गीकरणाचा उपयोग मर्यादित आहे, कारण एकाच विषयावरच्या दोन कादंबऱ्यांपैकी एक वाचकाच्या मनात घर करते आणि दुसरी मिटताच विसरली जाते, असे का होते याचे उत्तर विषयात सापडत नाही. या काळातील काही महत्त्वाच्या कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययाला येते: जेथे पात्रांच्या हाताला काम असते आणि त्या कामाच्या ओघातच कथानक पुढे सरकते, तेथे मराठी कादंबरी समर्थ ठरते, जेथे लेखकाने जमवलेली माहिती पात्रांच्या आधी बोलू लागते, तेथे ती दमते. ‘काम’ म्हणजे येथे केवळ पोटापाण्याचा व्यवसाय नव्हे, तर सरावाने अंगात मुरलेली आणि चुकली तर किंमत मोजायला लावणारी कोणतीही कृती. ‘माहिती’ म्हणजे कथेतल्या कोणालाही त्या क्षणी जिची गरज नसते, पण वाचकाला ठाऊक व्हावी म्हणून जी सांगितली जाते, ती.

या प्रश्नाला मराठीत एक पूर्वपीठिका आहे. १९६३ सालच्या ‘कोसला’ने पांडुरंग सांगवीकर या तरुणाच्या प्रथमपुरुषी निवेदनाला, म्हणजे ‘मी’ने सांगितलेल्या कथनाला, एवढी प्रतिष्ठा मिळवून दिली, की पुढच्या दोन-तीन पिढ्यांतील अनेक लेखकांना स्वतःविषयी बोलणारा, उदास आणि हुशार तरुण हाच कादंबरीचा स्वाभाविक नायक वाटू लागला. या नायकाचे बोलणे कितीही वेधक असले, तरी तो सहसा काही करत नाही, आणि ‘कोसला’मध्ये ज्या निष्क्रियतेला अस्तित्वविषयक अर्थ होता, ती अनुकरणात नुसती सवय होऊन बसली. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ने (२००२) या नायकाला वेगळ्या जागी उभे केले. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत परततो खरा, पण पूर्णपणे शेतकरीही होऊ शकत नाही, आणि त्याच्या विचारांवर पेरणी, पाऊस, कर्ज आणि बाजारभाव यांचा ताबा असतो. अलीकडच्या ग्रामीण कादंबरीतील बऱ्याच चांगल्या गोष्टींची सुरुवात तेथे शोधता येते.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण तिच्या विषयावर मराठीत आधीच एक मोठी कादंबरी होती. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि धरणग्रस्तांची परवड मांडणारी कादंबरी म्हणून तिचे स्थान पक्के झाले. पाटील स्वतः प्रशासकीय सेवेत असल्यामुळे भूसंपादन, मोबदला, पर्यायी जमीन आणि कागदोपत्री अडवणूक यांचे संपूर्ण यंत्र त्या कादंबरीत उघडे पडते. खैरमोडे गुरुजींसारखे सत्शील पात्र त्या यंत्रात कसे भरडले जाते, हे वाचताना येणारा संताप आजही ओसरत नाही. येथे माहिती विपुल आहे, परंतु ती पात्रांच्या गरजेची आहे. सातबारा, नोटीस आणि निवाडा यांवरच त्या माणसांचे जगणे टांगलेले असल्याने कागद हेच त्यांचे रणांगण बनते.

‘रिंगाण’ कागदाला जवळपास हातच लावत नाही. धरणासाठी गाव उठते, माणसे नव्या वसाहतीत येतात, जनावरे मागे राहतात आणि देवाप्पा हा माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणण्यासाठी आपल्या जुन्या मुलखात परततो. मधल्या काळात ती म्हैस रानटी झालेली आहे. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच, आणि हा थोडका ऐवज हेच या कादंबरीचे बळ आहे. जनावराचा माग काढायचा, त्याच्या सवयी आठवायच्या, त्याला चुचकारायचे, अंगावर आले तर जीव वाचवायचा, अशा कृतींच्या साखळीतून उजाड गावठाण, ओस घरे आणि माणसाविना वाढलेले रान वाचकासमोर येते. विस्थापन म्हणजे काय, याची व्याख्या कोणी करत नाही. आपल्याच दावणीचे जनावर आपल्याला ओळखेनासे झाले, या एका घटनेत ती सामावलेली आहे. म्हैस परकी झाली की देवाप्पा स्वतःच त्या भूमीला परका झाला, हा प्रश्न जसजसा गडद होतो, तसतशी पाठलागाची कथा नैतिक पेचाची कथा बनते, कारण मोकळी झालेली म्हैस पुन्हा दाव्याला बांधण्याचा अधिकार माणसाला आहे का, हेही कादंबरीला विचारावे लागते. देवाप्पाच्या मनातील विचार मध्यावर काही ठिकाणी लांबतात आणि जे कृतीतून कळले आहे तेच पुन्हा सांगितले जाते, एवढा दोष तिच्यात आहे. तरीही विस्थापनाची कहाणी माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर इतक्या निग्रहाने उभी करण्याचे धाडस मराठीत विरळा आहे.

देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ आकाराने छोटी आहे. साहित्य अकादमीचा २०२४ चा युवा पुरस्कार तिला मिळाला. तिचा नायक शिंपी आहे आणि लेखकानेही हे काम स्वतः केलेले आहे. तयार कपड्यांच्या लोंढ्यामुळे लहान गावातल्या शिंप्याचे गिऱ्हाईक तुटत जाते, हा आर्थिक बदल वर्तमानपत्राच्या दोन रकान्यांत मांडता येतो. कादंबरीला त्याहून अवघड गोष्ट करायची असते. माप घेणे, कापडावर खडूने खुणा करणे, कातर चालवणे, टीप मारणे, काज-बटण करणे ही कामे ज्याच्या हातात वर्षानुवर्षे मुरली आहेत, त्याच्याकडे एके दिवशी विकतच्या पँटीची उंची कमी करण्याचे किंवा उसवलेली शिवण सांधण्याचे काम तेवढे उरते, तेव्हा त्या माणसाची मिळकत घटते आणि त्याच्या हातातील कसबाला कोणी विचारेनासे होते. ही दुसरी हानी आकड्यांत मावत नाही. ती ‘उसवण’मध्ये जाणवते, कारण लेखकाला मशीनची भाषा आतून ठाऊक आहे. पहिल्या कादंबरीत दिसणारा भाबडेपणा तिच्यात आहे, काही प्रसंग हळवे होतात, आणि गावातील इतर पात्रे नायकाच्या दुःखाला साक्षीदार म्हणूनच येतात. पण बलुतेदारीतील आणि कारागिरीच्या जातींतील हुन्नर हा मराठी कादंबरीने पुरेसा न हाताळलेला विषय आहे, आणि तो बाहेरून पाहणाऱ्या सहानुभूतीने न हाताळता त्या कामाच्या जागेवरून हाताळला गेला, याचे मोल मोठे आहे.

मनोज बोरगावकर यांच्या ‘नदीष्ट’ची (२०१९) गोष्ट थोडी निराळी आहे. नांदेडच्या गोदावरीत नित्य पोहणाऱ्या निवेदकाचे नदीशी जडलेले नाते आणि तिच्या काठावर भेटणारी उपेक्षित माणसे यांची ही कादंबरी अल्पावधीत अनेक आवृत्त्यांपर्यंत पोचली. पोहणे हे येथे छंद म्हणून येत नाही. पाण्याचा ओढा, डोहाची भीती, दम आणि उतारवयातील शरीर यांची जाण त्यातून येते, आणि म्हणून पुस्तकाचा पहिला भाग विलक्षण जिवंत आहे. निवेदक काठावर येऊन जीवनाविषयी बोलू लागतो, तेव्हा मात्र ती पकड ढिली होते. वाचकांना कदाचित हेच चिंतन अधिक भावले असेल, आणि तसे असल्यास समीक्षेने वाचकांच्या आवडीपुढे मान न तुकवता आपले मत स्पष्ट मांडावे, हे बरे.

बृहद् कादंबरीत, म्हणजे अनेक पिढ्यांचा किंवा अनेक शतकांचा पट मांडणाऱ्या मोठ्या आकाराच्या कादंबरीत, माहितीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ‘हिंदू’मधील खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. त्यामुळे उत्खनन हे त्याचे काम आणि कादंबरीची रचना यांत एक सुरेख मेळ आहे, आणि मोरगावच्या घरातील नात्यांचे, विशेषतः स्त्रियांच्या हालअपेष्टांचे वर्णन जेथे येते तेथे नेमाडे यांच्या तोडीचा लेखक आज मराठीत नाही. तथापि याच कादंबरीत देशीवादाची, म्हणजे साहित्य आपल्या भूमीच्या परंपरेतूनच उगवते या भूमिकेची, मांडणी पात्रांच्या तोंडून दीर्घ वादसंवादाच्या रूपाने होते, आणि तेथे कादंबरीकार मागे पडून विचारवंत पुढे येतो. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) सुमारे सातशे वर्षांच्या काळातून एका कुळाचा माग काढते. ‘ताम्रपट’च्या लेखकाला सत्ता आणि गाव यांचे संबंध किती बारकाईने कळतात हे वेगळे सांगायला नको, आणि मराठा समाजाच्या वंशशुद्धीच्या कल्पनांना या कादंबरीने दिलेले आव्हान खरोखरच धैर्याचे आहे. पूर्वजांच्या जीवनातील लढाई, पलायन, प्रेमसंबंध, जमिनीची मशागत असे प्रसंग येतात तेव्हा ती वेग घेते. पण दोन प्रसंगांच्या मध्ये इतिहासाचे विवेचन शिरते, आणि निवेदक पूर्वजाला जगू देण्याऐवजी त्याच्याविषयी सांगू लागतो.

यात दोष केवळ लेखकांचा नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’मध्ये हस्तलिखितावर ज्या कसोशीने काम केले, त्या संपादनाची परंपरा मराठी प्रकाशनव्यवसायात आता क्षीण झाली आहे. नामवंत लेखकाच्या हस्तलिखितातली शंभर पाने कमी करा असे सांगणारा माणूस प्रकाशनसंस्थेत नसेल, तर मोठी कादंबरी जाड होते आणि तिच्यातील उत्तम भाग वाचकाच्या हाती उशिरा लागतो. मराठीत चांगल्या कादंबरीकारांची उणीव नाही, चांगल्या संपादकांची नक्कीच आहे.

माहिती हा नेहमीच अडथळा असतो, असे मात्र नाही. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ने तिलाच कादंबरीचा विषय केले. डिस्टोपिया, म्हणजे आजच्या वाईट प्रवृत्ती टोकाला गेल्यावर दिसणारे भविष्य, हा प्रकार मराठीत रुजलेला नव्हता. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या खरे यांनी पाळत, बलाढ्य कंपन्या आणि माणसांविषयी साठवली जाणारी माहिती यांचे जग उभे केले, तेव्हा पात्रे माहितीच्या पकडीत सापडलेली असणे हीच कथा झाली. २०२० सालचा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, त्यामुळे पुस्तकापेक्षा नकाराची चर्चा अधिक झाली, हे दुर्दैव. प्रवीण दशरथ बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या पुरस्कारप्राप्त कादंबरीत दक्षिण कोकणातील कळसूत्री बाहुल्यांचा खेळ सत्तेच्या आणि दहशतीच्या प्रश्नाशी जोडला जातो. दोऱ्या हलवणाऱ्याची कला आणि समाजाला नाचवणाऱ्यांचे राजकारण यांतील साम्य उघड आहे, पण लोककथा आणि मिथके यांच्या वापरामुळे ते सपाट रूपक होत नाही.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’ (२००५) आणि ‘भिन्न’ (२००७) या दोन कादंबऱ्यांना या चर्चेत अग्रस्थान द्यायला हवे होते, आणि समीक्षेने ते अजूनही पुरेशा मोकळेपणाने दिलेले नाही. आदिवासी स्त्री-सरपंच, स्वयंसेवी संस्थांचे राजकारण, एचआयव्हीबाधित स्त्रिया हे विषय प्रचंड माहितीची मागणी करतात, आणि महाजन यांनी ती मिळवली. ‘ब्र’ची नायिका प्रफुल्ला गावोगाव फिरून स्त्रियांशी बोलते, नोंदी करते, माहिती गोळा करणे हेच तिचे काम असल्याने अहवालासारखी पानेही कथेत बसतात, आणि त्या नोंदींतून तिचे स्वतःचे मोडलेले घरही दिसत राहते. ‘भिन्न’मध्ये हे संतुलन काही ठिकाणी सुटते, पण त्यातल्या रागाची धग कमी होत नाही.

शहराकडे वळले की चित्र निराशाजनक आहे. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’मध्ये आजच्या तरुणाचा अस्वस्थ आत्मशोध आहे, अवधूत डोंगरे यांच्या ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’मध्ये लिहिण्याविषयीचीच सजग, संयत शंका आहे, आणि दोघांचेही गद्य ताजे आहे. परंतु भाऊ पाध्ये यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’मध्ये कामगार संघटना किंवा अरुण साधू यांनी ‘मुंबई दिनांक’मध्ये वृत्तपत्र आणि राजकारण यांचे रोजचे कामकाज ज्या तपशिलाने दाखवले, तसे आजच्या शहरी कादंबरीत क्वचितच दिसते. नायक कार्यालयात जातो एवढे सांगितले जाते. तेथे तो आठ-दहा तास नेमके काय करतो, हे वगळले जाते. गणेश मतकरी यांच्या ‘खिडक्या अर्ध्या उघड्या’तील परस्परांत गुंतलेल्या कथा वास्तुरचनेच्या व्यवसायाशी निगडित माणसांभोवती फिरतात, आणि तो अपवाद म्हणून लक्षात राहतो.

बोलीच्या वापरातही हाच भेद दिसतो. अनेक लेखक निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद तेवढे बोलीत लिहितात आणि अवघड शब्दाचा अर्थ त्याच वाक्यात हळूच देऊन टाकतात. गावातील कोणीही माणूस दुसऱ्याला असा अर्थ सांगत नाही, त्यामुळे ते वाक्य गावातले न राहता शहरातल्या वाचकासाठी लिहिलेले वाटू लागते. प्रसाद कुमठेकर यांच्या ‘बगळा’ने उदगीरकडच्या बोलीला अशा कुबड्या दिल्या नाहीत. पुण्या-मुंबईचा वाचक पहिल्या काही पानांवर अडखळतो, मग त्याचा कान सरावतो आणि न कळलेले शब्दही प्रसंगातून कळू लागतात. त्या अडखळण्याला घाबरून कित्येक हस्तलिखितांची भाषा छपाईपूर्वी सपाट केली जाते, आणि ज्या लेखकांना अशी सूचना मिळते त्यांनी ती नाकारली पाहिजे.