सिकलसेलचे अर्धेच चित्र

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आश्रमशाळांत सिकलसेल हा शब्द परका नाही. पण शिकवताना आपण विळ्याच्या आकाराची तांबडी पेशी काढतो आणि थांबतो. हाड चित्रात येतच नाही. ही उणीव किरकोळ नाही.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची १० ते २०. ही तूट भरायला अस्थिमज्जा जादा राबते. वाढत्या वयात गुडघ्याजवळची लाल मज्जा एरवी पिवळी, चरबीयुक्त होत जाते. या रुग्णांत ती बरीचशी लालच राहते. एम.आर.आय. यंत्र पाणी आणि चरबी यांतील हायड्रोजन-अणुकेंद्रांचे संकेत टिपते. त्याच्या टी-१ प्रतिमेत चरबी उजळ, तर लाल मज्जा काळसर दिसते. रक्तप्रवाह अडून मज्जेचा तुकडा मेला, तर तोही एम.आर.आय.मध्ये कळतो, सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात मात्र बहुधा काहीच दिसत नाही.

म्हणून 'फोटोत काही नाही' याचा अर्थ गुडघा धरून बसलेले मूल ढोंग करते, असा नव्हे. सिकलसेलच्या निदानाला एम.आर.आय. लागत नाही, त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासण्या आहेत. फळ्यावरच्या त्या पेशीशेजारी आपण एक हाडही काढू या.