‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ : जाल्लो चित्रपटाचा स्वीकारलेला आणि नाकारलेला वारसा

प्रस्तावना

इटालियन भाषेत ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला काढली आणि पुढे हा शब्द रहस्यकथेसाठीच रूढ झाला. चित्रपटात मात्र त्याला अधिक विशिष्ट अर्थ लाभला. मारिओ बावा (१९१४–१९८०) यांच्या ‘द गर्ल हू न्यू टू मच’ (१९६३) या कृष्णधवल चित्रपटापासून या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मानला जातो; त्याचे रंगीत दृश्यरूप सिद्ध झाले ते ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ (१९६४) मध्ये. या चित्रपटाचा प्रभाव सर्वमान्य आहे. तथापि उत्तरकालीन चित्रपटांनी त्यातून काय स्वीकारले आणि काय नाकारले, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

रंग आणि पुतळे

चित्रपटाची कथा एका उच्चभ्रू फॅशनगृहात घडते. श्रेयनामावलीतच पात्रे कपड्यांच्या पुतळ्यांशेजारी निश्चल उभी दिसतात. जिवंत माणूस आणि निर्जीव वस्तू यांतील भेद या व्यवसायात पुसला जातो, हे येथेच सूचित होते. मारेकऱ्याला तर चेहराच नाही. पांढरे आवरण, टोपी, कोट आणि काळे हातमोजे एवढीच त्याची ओळख. पुराणवस्तूंच्या दुकानातील हत्येच्या प्रसंगी प्रकाश सतत उजळतो आणि मावळतो. हिरवा, जांभळा, लाल हे रंग वास्तवाचे अनुकरण करीत नाहीत. प्रेक्षकाच्या भीतीला ते आकार देतात. कार्लो रुस्तिकेल्ली यांचे जॅझच्या वळणाचे संगीत या दृश्यांना अस्वस्थ करणारी मोहकता देते.

गुन्ह्याचे खरे कारण

इन्स्पेक्टर सिल्व्हेस्त्री यांना या हत्यांमागे विकृत कामपिसाट पुरुष असावा असे वाटते. संशयित पुरुष कोठडीत असतानाच आणखी एक हत्या होते आणि ही उपपत्ती कोसळते. मारेकरी दोन आहेत : फॅशनगृहाची मालकीण काउंटेस क्रिस्तिआना आणि तिचा सहकारी मॅक्स. आधीचा एक खून आणि त्यावरून होणारी पैशाची मागणी दडपण्यासाठी ही हत्यासत्रे घडतात. म्हणजेच वेड हा येथे मुखवटा आहे. त्याखाली आहे संपत्तीचा थंड हिशेब.

प्रभावाची दिशा

दारिओ आर्जेन्तो यांच्या ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ (१९७०) मध्ये काळे हातमोजे कायम राहिले, परंतु गुन्ह्याचे मूळ मानसिक आघातात शोधले गेले. ‘हॅलोवीन’ (१९७८) या अमेरिकी चित्रपटात मारेकऱ्याला हेतूच उरला नाही. स्वतः बावा यांनी मात्र ‘अ बे ऑफ ब्लड’ (१९७१) मध्येही हत्यांच्या मुळाशी मालमत्तेचा लोभच ठेवला. त्या चित्रपटातील भाल्याने एकत्र भोसकलेल्या जोडप्याच्या दृश्याशी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागातील (१९८१) दृश्याचे साम्य उघड आहे. हत्येची रीत पुढे गेली, हेतू मागे राहिला. बावा यांच्या चित्रपटाने खोटा ठरविलेला पोलिसी तर्कच त्याच्या अनेक वारसांनी सत्य म्हणून स्वीकारला, असे म्हणावे लागते.

अर्थात मूळ चित्रपटही निर्दोष नाही. स्नानगृहातील मृत्यूवर कॅमेरा सौंदर्यलुब्ध नजरेने रेंगाळतो. स्त्रीदेहाला वस्तू मानणाऱ्या व्यवसायावर टीका करताना तो त्याच नजरेचा भागीदार होतो. पेद्रो आल्मोदोवार यांनी ‘मातादोर’च्या (१९८६) आरंभी हे दुखणे नेमके हेरले. तेथे एक निवृत्त बैलझुंजार याच चित्रपटातील हत्यादृश्यांनी कामोद्दीपित होताना दिसतो. प्रश्न पडद्यावरून प्रेक्षकाकडे वळतो.

समारोप

‘ब्लड अँड ब्लॅक लेस’चे महत्त्व केवळ शैलीचे नाही. हिंसेला विकृत व्यक्तीच्या माथी मारून समाज मोकळा होतो, तेव्हा तिचा आर्थिक लाभ कोणाला मिळतो हा प्रश्न तो उपस्थित करतो. त्याचे रंग आणि हातमोजे सर्वत्र पोहोचले. हा प्रश्न मात्र पुढच्या पिढीने क्वचितच विचारला.