शारीरिक शिक्षणातील 'चालणे' हा विषय : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

पदवी अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाचे स्थान नेहमीच चमत्कारिक राहिले आहे. विषय सक्तीचा, पण प्राध्यापकांपासून पालकांपर्यंत कोणीही तो विषय मानत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवीची जी श्रेयांक-चौकट स्वीकारली, तिच्या सहअभ्यासक्रम गटात आरोग्य, योग, क्रीडा व तंदुरुस्ती यांना श्रेयांक मिळाले आणि हे चित्र काहीसे बदलले. या गटाखाली 'तंदुरुस्तीसाठी चालणे' हा उपक्रम महाविद्यालयांना सर्वांत सोयीचा वाटतो. साहित्य लागत नाही, कौशल्य लागत नाही, दुखापतीचे भय नाही. या सोयीमागील गृहीतके आपल्या परिसरात कितपत टिकतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कागदावर विषयाची मांडणी निर्दोष आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास हा हिशेब धरल्यास दोन श्रेयांकांचे ६० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला ४ तास, म्हणजे २४० मिनिटे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचविलेली मध्यम तीव्रतेच्या हालचालीची मर्यादा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे आहे. मिनिटाला सुमारे १०० पावले हा मध्यम तीव्रतेचा ढोबळ निकषही विद्यार्थ्याला घड्याळ लावून स्वतः पडताळता येतो. (रोज दहा हजार पावलांचा जो आकडा आज सर्वतोमुखी आहे, त्याचा उगम मात्र प्रयोगशाळेत नसून १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमापक यंत्राच्या नावात आहे, हे वर्गात अवश्य सांगावे.)

अडचण मापनापासूनच सुरू होते. चालण्यावर आधारित क्षमता-चाचणी म्हणून 'रॉकपोर्ट' चाचणीचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळतो. सुमारे १.६ किलोमीटर अंतर शक्य तितक्या जलद चालावे, शेवटी नाडी मोजावी आणि वय, वजन, लिंग यांच्या साहाय्याने प्राणवायू-ग्रहणक्षमता काढावी, अशी तिची रीत आहे. परंतु १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे सूत्र ३० ते ६९ वयोगटातील व्यक्तींवरून बांधलेले आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर ते वापरल्यास क्षमता वास्तवापेक्षा अधिक दिसते, हे १९९४ मध्येच दाखविले गेले. म्हणजे अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला आपण प्रौढांची फूटपट्टी लावतो, तो अपेक्षेपेक्षा उंच भरतो, आणि विषय यशस्वी झाल्याचा अहवाल लिहिला जातो.

दुसरे गृहीतक जागेचे आहे. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत 'फिटनेस वॉकिंग' हा स्वतंत्र श्रेयांकाचा विषय आहे आणि आपल्याकडील मांडणीवर त्याची छाया स्पष्ट दिसते. तेथे त्यामागे विस्तीर्ण आवार आणि आवाराबाहेर सलग पदपथ असतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी दुचाकींच्या वाहनतळातून उरलेले पटांगण असते. त्याचा घेर २०० मीटर धरला तरी पाच किलोमीटरसाठी पंचवीस फेऱ्या होतात. विद्यार्थी त्या मारतात. पण घाण्याच्या बैलालाही अंतर मोजून दिले तर श्रेयांक द्यावा लागेल.

मग रस्त्यावर का चालू नये? १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत आली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे नगर झाले; २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने चाकणला उभे राहिले आणि पुणे-नाशिक महामार्ग हीच त्या भागाची मुख्य गल्ली झाली. हा भाग यंत्रांच्या व मालाच्या वाहतुकीसाठी आखला गेला. पादचारी त्याच्या आराखड्यात नंतर आठवलेला प्राणी आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर हवी. चाकणच्या तळेगाव चौकात सायंकाळी कंपन्यांच्या बस सुटण्याच्या वेळी उभे राहिल्यास या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज उरत नाही. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. तंदुरुस्तीच्या पाठ्यपुस्तकात हृदयविकाराचे प्रकरण असते; हे प्रकरण नसते. जलद चालताना श्वसनाचा वेग वाढतो आणि मालमोटारींच्या धुरातून चालणारा त्या प्रमाणात अधिक धूर आत घेतो, याचाही त्यात उल्लेख नसतो.

परंतु या पट्ट्यातील खरा प्रश्न पदपथाहूनही अवघड आहे. तो हजेरीचा आहे. येथील वर्गांत, विशेषतः कला व वाणिज्य शाखांत, कंत्राटी कामगार म्हणून पाळीत काम करणारे विद्यार्थी असतात. रात्रपाळी संपवून सकाळी परतणारा मुलगा सातच्या चालण्याच्या तासाला गैरहजर लागतो. रात्रभर तो उभाच असतो, जुळणी-साखळीच्या काठाने येरझाऱ्या घालत असतो. त्याच्या पावलांना श्रेयांक नाही, आणि अकराला वातानुकूलित बसने येणाऱ्याच्या पंचवीस फेऱ्यांना आहे, ही विसंगती कोणाही विचारी शिक्षकाला अस्वस्थ करील.

यावर सोपे उत्तर असे, की कामावरचे चालणेही ग्राह्य धरावे. हे उत्तर सहानुभूतीचे आहे, शास्त्राचे नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहकांची तुलना केली आणि दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी असल्याचे दाखविले. कामातील हालचालीच्या बाजूने हा दाखला नेहमी दिला जातो. पण तीनच वर्षांनी त्याच संशोधकांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर तरुण वयातही अधिक असल्याचे आढळले. म्हणजे फरक केवळ कामाने घडलेला नव्हता. पुढे डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आदींनी एक लाखाहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०२१ मध्ये मांडले, की फुरसतीतील हालचाल हृदयाला उपकारक असते, तर कामावरची जड हालचाल तशी ठरत नाही, उलट धोका वाढल्याचे दिसते. दीर्घकाळ उभे राहणे, वेगावर स्वतःचे नियंत्रण नसणे, विश्रांती न मिळणे ही त्याची संभाव्य कारणे होत. तेव्हा रात्रपाळीच्या मुलाला व्यायामाची गरज नाही असे नव्हे. त्याला आधी झोपेची, आणि नंतर स्वतःच्या गतीने चालता येईल अशा वेळेची गरज आहे. श्रेयांक-चौकटीत या दोहोंसाठी रकाना नाही. निदान तासाची दुसरी वेळ तरी असावी.

विद्यार्थिनींविषयी थोडक्यात. मैदान मुलांच्या क्रिकेटकडे आणि 'चालणे' मुलींकडे, अशी वाटणी अनेक ठिकाणी न बोलता होऊन जाते. निवड म्हणून चालणे उत्तम आहे, उरलेला विषय म्हणून नव्हे.

या भूमीला चालणे शिकवावे लागते, हाही एक विपर्यासच. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी दिघीमार्गे पुण्यास जाते. पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी वेगाच्या निकषाविना, परंतु दिंडीच्या शिस्तीत पार करतात. त्या दिवसांत वाहने वळविली जातात. एरवी पादचाऱ्याला वळसा पडतो.

महानगरपालिकेने निगडी-प्राधिकरण परिसरात चालण्या-सायकलीस अनुकूल रस्त्यांसाठी 'हरित सेतू' प्रकल्प हाती घेतला आहे. विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी ती तयार प्रयोगशाळाच होय. मात्र भोसरी, मोशी, चाकणच्या विद्यार्थ्याने आपल्याच रस्त्यावर काम करावे. महाविद्यालयाच्या फाटकापासून बस थांब्यापर्यंत टेप धरून पदपथाची रुंदी मोजावी, अडथळे नोंदवावेत, रस्ता ओलांडण्यास लागलेली सेकंदे लिहावीत, आणि त्याच वाटेवरील आपली पावले व नाडीही. ५० गुणांचा विषय असेल तर त्यांपैकी २० गुण या नोंदवहीला असावेत. नोंदवहीची एक प्रत महानगरपालिकेच्या अथवा नगरपरिषदेच्या कार्यालयात रीतसर दाखल करणे हाही प्रात्यक्षिकाचाच भाग मानावा, आणि आवक क्रमांक दाखविल्याशिवाय शेवटचे पाच गुण देऊ नयेत.